चित्रफितींचे दप्तर

इतिहासाची साधने दोन प्रकारांनी नष्ट होतात. पहिला प्रकार सर्वांस ठाऊक आहे: वाळवी, पाणी, अग्नी आणि घरच्यांची अनास्था. वाईस सापडलेल्या पत्रांच्या आधारे वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हा झुंज द्यावयाची होती ती या पहिल्या प्रकारच्या नाशाशी. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. त्यात साधन शाबूत राहते, परंतु ते वाचणारा उरत नाही. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली. दप्तरे कपाटांत राहिली, आणि आज पणजोबांच्या हातचा कागद पणतूस दाखविला तर त्याला त्यात केवळ शाईच्या रेघा दिसतात.

आमच्या पिढीने असेच एक दप्तर मागे ठेविले आहे. ते कागदाचे नसून चित्रफितींचे आहे. सुमारे १९८२ पासून पुढील वीस-बावीस वर्षांत लग्ने, मुंजी, उत्सव, पालख्या, कीर्तने, नाटके आणि वडीलधाऱ्यांची बोलणी व्हिडिओ कॅसेटवर उतरली. जुने छायाचित्र हाती घेऊन पाहता येते. चलच्चित्राची फिल्मसुद्धा उजेडासमोर धरली तर चौकटीतील माणूस दिसतो. व्हिडिओची फीत मात्र कितीही न्याहाळली तरी तपकिरी पट्टीखेरीज काही दिसत नाही. तिला वाचणारा एकच आहे, आणि तो म्हणजे यंत्र. या यंत्राची निवड कशी करावी हा विषय वरवर तांत्रिक भासतो. परंतु आमच्या मते तो इतिहाससाधनांच्या रक्षणाचाच विषय आहे. भोपाळ शहराच्या उदाहरणाने तो अधिक स्पष्ट होईल.

भोपाळशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १७३७ च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामास येथेच कोंडले आणि १७३८ च्या जानेवारीत दोराहा येथे तह झाला. पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी जिवबादादा केरकर आणि लखबादादा लाड यांसारखे सारस्वत सरदार माळव्यात व उत्तरेकडे वावरले, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. तथापि आजच्या भोपाळमधील मराठी वस्तीचे एक मोठे कारण अलीकडचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेथील सचिवालयातून, तसेच ग्वाल्हेर व इंदूर येथून, अनेक मराठी कर्मचारी आपली बिऱ्हाडे घेऊन भोपाळास आले. त्याच सुमारास वीजयंत्रांचा प्रचंड सरकारी कारखाना तेथे उभा राहिला व त्यानेही दूरदूरच्या माणसांस ओढून आणिले. अशा स्थलांतरित कुटुंबांत भाषेचा प्रवास सर्वत्र सारखाच होतो. पहिली पिढी घरात मराठी वा कोंकणी बोलते, दुसरी ती समजते, आणि तिसरी हिंदीत उत्तर देते. म्हणून अशा घरी आजीच्या आवाजाची एखादी फीत असेल, तर ती आठवणीची वस्तू आहेच, शिवाय ती एका बोलीचा दस्तऐवजही आहे.

चित्रफितीचा काळ आणि नव्या भोपाळचा काळ हे परस्परांवर अगदी जुळून पडतात. दृश्य फितीवर नोंदविण्याचे पहिले व्यवहार्य यंत्र अँपेक्स या अमेरिकन कंपनीने १९५६ सालीच दाखविले, परंतु ते दूरचित्रवाणी केंद्रांपुरते होते. घरगुती वापरासाठी सोनी कंपनीने १९७५ साली बीटामॅक्स व जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस ही पद्धत बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, त्याच वर्षी दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, आणि परदेशातून येणाऱ्या व्हीसीआरची संख्या एकदम वाढली. ज्यांस विकत घेणे परवडत नसे ते एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणीत आणि पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहत. दशकाच्या अखेरीस लग्नाच्या मांडवात प्रखर दिव्यासह खांद्यावरचा कॅमेरा ही नित्याची गोष्ट झाली.

भोपाळात १९८२ च्या फेब्रुवारीत भारत भवन उघडले. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या या वास्तूत रंगमंडळ, चित्रशिल्पांचे संग्रहालय, काव्य आणि संगीत यांचे विभाग एका छताखाली आले. आणि १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरावर पसरला. तात्काळ मृत्यूंची पहिली सरकारी संख्या २,२५९ होती. पुढे ती वाढतच गेली, आणि पीडितांच्या संघटनांचे अंदाज तर याहून कितीतरी मोठे आहेत. या दुर्घटनेवर तपन बोस व सुहासिनी मुळे यांनी ‘बियाँड जेनोसाइड’ हा माहितीपट काढला. त्यास राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले, तरीही दूरदर्शनने तो दाखविण्याचे नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने निर्णय दिला. सत्याचे चित्रण लोकांपुढे यावे म्हणून न्यायालय एखाद्या संस्थेस आज्ञा करू शकते. परंतु ज्या फितीचे यंत्रच जगात उरले नाही, तिला ‘दिस’ अशी आज्ञा कोणतेही न्यायालय करू शकत नाही. जी माणसे त्या रात्रीनंतर राहिली नाहीत, त्यांतील कोणी आधीच्या एखाद्या लग्नाच्या फितीत हसत उभे असेल, तर त्याचे ते हसणे आज एका जुन्या यंत्राच्या हाती आहे.

ते यंत्र आता नव्याने होत नाही. बीटामॅक्सची यंत्रे २००२ सालीच थांबली. व्हीएचएस यंत्रे बनविणारी अखेरची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. चुंबकीय फितींचा ठेवा वाचविण्यासाठी २०२५ हे वर्ष अखेरची सीमा मानावी, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली दिला होता. ते वर्ष उजाडले, आणि तो इशारा आता भविष्यवाणी राहिलेला नाही. आजचा व्हीसीआर म्हणजे जुन्या बाजारातील, दुसऱ्या-तिसऱ्या हातचा, रबर सुकलेला व्हीसीआर होय. म्हणूनच तो निवडताना विवेक हवा.

विवेकासाठी यंत्राची रीत थोडी जाणली पाहिजे. व्हीएचएस फीत अर्धा इंच रुंद असते आणि आपल्याकडील पद्धतीत ती सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. इतक्या मंद गतीने चित्र उतरणे शक्य नाही. म्हणून फीत एका तिरक्या ढोलाभोवती गुंडाळली जाते आणि त्या ढोलावरील सूक्ष्म चुंबकीय हेडे सेकंदाला पंचवीस फेरे घेत फितीवर तिरप्या रेषा ओढतात. एक रेषा सुमारे ४९ मायक्रॉन रुंद, म्हणजे केसाहूनही बारीक असते. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राने ज्या कोनात रेषा ओढल्या, त्याच कोनात वाचणाऱ्या यंत्राने त्या गाठावयाच्या असतात. तो मेळ बिघडला की पडद्यावर पांढरे पट्टे येतात. सर्व यंत्रे एकाच मापाची असली तरी प्रत्येकाचे ‘हस्ताक्षर’ किंचित भिन्न असते, आणि एका फितीवर रुसलेले यंत्र दुसरी फीत निमूटपणे वाचते ते यामुळेच.

आता निवडीचा क्रम पाहू. प्रथम फीत ओळखावी. सुमारे एकोणीस सेंटिमीटर लांबीची कॅसेट व्हीएचएसची. तिच्याहून आखूड, साडेपंधरा सेंटिमीटरांची, ती बीटामॅक्सची. आणि पाऊण इंच रुंद फितीची जाड कॅसेट यू-मॅटिकची, जी संस्थांत व दूरचित्रवाणी केंद्रांत चाले. यांपैकी एकीचे यंत्र दुसरीस चालत नाही. त्यानंतर पद्धत पाहावी. भारतात ६२५ ओळी व सेकंदाला २५ चौकटी यांची पाल पद्धत होती. अमेरिकेतील नातलगांनी पाठविलेली फीत ५२५ ओळींच्या एनटीएससी पद्धतीची असते. भारतात विकलेली पुष्कळशी यंत्रे अमेरिकन फीत दूरचित्रवाणी संचावर दाखवीत, परंतु त्यांतून निघणारा संकेत या दोहोंची खिचडी असतो व संगणक तो बहुधा नीट स्वीकारत नाही. अशा फितीसाठी अस्सल एनटीएससी संकेत देणारे यंत्र शोधावे.

तिसरी गोष्ट गतीची. फीत वाचविण्यासाठी कित्येकांनी अर्ध्या गतीने, म्हणजे एलपी पद्धतीने, ध्वनिचित्रण केले. त्यात रेषांची रुंदीही निम्मी होते आणि परक्या यंत्रास ती सापडणे कठीण जाते. ज्या यंत्रावर ती फीत मुळात भरली, तेच जुने यंत्र घरी असेल तर ते मोडीत काढण्यापूर्वी दहादा विचार करावा. त्या फितीचा उत्तम वाचक बहुधा तेच होय.

चौथी गोष्ट ध्वनीची, आणि आपल्या विषयात ती आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. जुन्या व्हीएचएस फितीत आवाज काठावरच्या एका अरुंद पट्टीवर असतो. काठ चुरगळला की चित्र निभावते, पण शब्द जातो. पुढील काळातील हाय-फाय फितींत आवाज चित्राच्या रेषांखाली खोलवर भरलेला असतो, आणि ट्रॅकिंग चुकले की तो खरखरतो. म्हणून दोन्ही मार्गांनी आवाज काढू देणारे व त्यांतील एक निवडू देणारे यंत्र घ्यावे. पडद्यावर साडीचा रंग किंचित फिका दिसला तर चालेल. परंतु ओवी म्हणणारा कंठ ऐकू आला पाहिजे.

याच संदर्भात एक सूचना करावीशी वाटते. घरोघरी असलेली लग्नाची फीत ही बहुधा मूळ नसते. छायाचित्रकार मूळ फितींवरून दुसऱ्या यंत्रावर प्रत उतरवी, मध्ये पाने-फुले व नावे घाली, आणि प्रत्यक्ष आवाज पुसून त्यावर चित्रपटगीते भरी. परिणामी मंगलाष्टके गेली, पंगतीतील थट्टा गेली, आणि उरला तो रेडिओवर केव्हाही मिळणारा गाण्याचा तुकडा. मूळ फीत मिळण्याची थोडीशीही शक्यता असेल, तर आधी तिचा शोध घ्यावा. तिच्यात चित्र एक पिढी अधिक ताजे असते आणि माणसांचे बोलणे जिवंत असते.

आता प्रत्यक्ष यंत्र. एस-व्हीएचएस जातीचे यंत्र साध्या फितीही वाचते आणि प्रकाश व रंग यांचे संकेत वेगवेगळ्या तारांनी, एस-व्हिडिओ मार्गाने, बाहेर देते. त्यामुळे रंगांच्या कडा स्वच्छ राहतात. त्यातही ज्यात टाइम बेस करेक्टर आहे ते श्रेष्ठ. फितीवरील प्रत्येक ओळ नेमक्या क्षणी सुरू व्हावयास हवी. जुनी फीत ताणलेली असते, म्हणून ओळी पुढेमागे होतात व सरळ उभी दीपमाळ वळवळू लागते. करेक्टर प्रत्येक ओळ क्षणभर धरून ठेवतो आणि नियमित तालावर सोडतो. पाल पद्धतीत पॅनासॉनिकची एनव्ही-एफएस२०० व एनव्ही-एचएस१००० आणि जेव्हीसीची एचआर-एस९६०० ही यंत्रे या गुणासाठी जाणकारांत प्रसिद्ध आहेत. परंतु नावावर भुलू नये. जीर्ण झालेल्या नामांकित यंत्रापेक्षा नीट साफ केलेले, नवे रबर व पट्टे घातलेले साधे चार हेडांचे यंत्र अधिक विश्वासाचे. विकत घेण्यापूर्वी ते चालवून पाहावे, आणि चालवावयास मोलाची फीत कधीही देऊ नये. दूरदर्शनवरून उतरविलेला एखादा चित्रपट त्यासाठी पुरे.

बुरशी हा भोपाळच्या पावसाळ्याचा आणि कोंकणच्या दमट हवेचा समान शत्रू. कॅसेटच्या काचेतून फितीच्या गुंडाळीवर पांढरे तंतू दिसले तर ती यंत्रात घालू नये. बुरशी हेडास चिकटते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक निरोगी फितीस लागते. अशा फिती वेगळ्या ठेवून जाणकाराकडून स्वच्छ करवाव्यात. हेड पुसावयाचे तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कातडे वापरावे. कापसाचे तंतू हेडात अडकून ते मोडते.

डिजिटल प्रत कशी घ्यावी याविषयी आमच्या जुन्या लेखनिकांनी एक नियम घालून दिला आहे. पोथीच्या अखेरीस ते लिहीत की, जसे समोर दिसले तसे लिहिले आहे, शुद्ध-अशुद्धाचा दोष आम्हांस देऊ नये. हाच नियम येथे लागू करावा. यंत्रातील चित्र गुळगुळीत करणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात. त्या खळगा बुजविताना चेहऱ्यावरची सुरकुतीही बुजवितात. पाल चित्र ७२० बाय ५७६ या मापात, मूळच्या आड-ओळींसह, आणि शक्यतो एफएफव्ही१ सारख्या काहीही न गाळणाऱ्या पद्धतीने साठवावे. त्यास जागा पुष्कळ लागते. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ गिगाबाइट पुरतात, तर न गाळणाऱ्या पद्धतीत त्याच्या दुप्पट-तिप्पट. सुशोभित करावयाचे ते त्या प्रतीच्या प्रतीवर करावे.

या नियमाची गरज का, हे गेल्या पिढीच्या अनुभवावरून कळते. २००० सालच्या आगेमागे व्हीसीडीची लाट आली, आणि शेकडो घरांनी आपल्या फिती तबकडीवर उतरवून घेतल्या. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ एवढेच; म्हणजे निम्म्या ओळी तेथेच गळाल्या. आणि ‘आता काम झाले’ म्हणून मूळ फिती भंगारात गेल्या. सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून आणि म्हाळसा वेर्ण्याहून अंत्रुज महालात नेली, तेव्हा त्यांनी आधी सुरक्षित स्थळ पाहिले आणि मग देव हलविला. वाटेत काही सांडू दिले नाही. फितींचे स्थलांतरही तसेच सावधपणे व्हावे. प्रत झाल्यावरही मूळ फीत फेकू नये. ती उभी, कोरड्या जागी, लोखंडी चुंबकांपासून दूर ठेवावी. उद्या अधिक चांगला वाचक मिळेल.

शेवटी एक विचार समाजापुढे ठेवतो. घरटी एक उत्तम यंत्र घेणे कोणासही परवडणारे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. परंतु प्रत्येक देवस्थान समितीने वा मराठी-कोंकणी मंडळाने मिळून एक निर्दोष यंत्र, ते राखणारा एक जाणता हात आणि दोन निरनिराळ्या गावी ठेवलेल्या प्रती एवढी व्यवस्था केली, तर एका शहरातील सर्व घरांचे दप्तर वाचता येईल. अशा कामास आपल्याकडे पूर्वपरंपरा आहे. संगीत व लोककलांच्या ध्वनिचित्रणांसाठी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे संग्रहालय १९८२ साली पुण्यासच सुरू झाले व आज ते गुरुग्राम येथे कार्यरत आहे. इतिहास संशोधक मंडळानेही घरोघरची दप्तरे एका छताखाली आणिली, तीच ही रीत.

आणि प्रत घेताना त्या घरातील सर्वांत वयस्कर माणसास शेजारी बसवावे. फितीत उजवीकडे उभी असलेली बाई कोण, पालखीचा दांडा कोणी धरला आहे, हा उत्सव कोणत्या शकातला, हे यंत्र सांगत नाही. ते सांगणारा माणूस हाही एक वाचकच आहे, आणि त्याचेही उत्पादन बंद झालेले आहे. त्याने सांगितलेली नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. यंत्र शोधावयास सहा महिने लागले तरी चालतील. नावे लिहिण्याचे काम मात्र आजच्या संध्याकाळी आरंभावे.